अकरा महिन्यांच्या कागदाची शंभर वर्षांची गोष्ट

आज बोलूया अशा एका कागदाबद्दल, ज्यावर आपल्यापैकी बहुतेकांनी न वाचता अंगठा दिलाय. लिव्ह अँड लायसन्स अ‍ॅग्रीमेंट. हिंजवडी असो की मालाड, एजंट बायोमेट्रिक मशीन घेऊन येतो, "इथे अंगठा ठेवा" म्हणतो आणि पाच मिनिटांत विषय संपतो.

आता तो पीडीएफ उघडून बघा. त्यात तुम्हाला 'भाडेकरू' म्हटलेलं नसतं. तुम्ही 'लायसन्सी' असता, मालक 'लायसन्सर' आणि भाड्याला म्हणतात 'लायसन्स फी'. हा शब्दांचा खेळ का? कारण आपल्या राज्यात एका प्रश्नावरून शंभर वर्षं भांडण चाललं: मुदत संपली तरी माणूस घर सोडत नसेल, तर त्याला बाहेर कसं काढायचं?

सुरुवात होते पहिल्या महायुद्धात. मुंबईत गिरण्यांमुळे माणसांची गर्दी, घरं कमी, भाडी चढलेली. १९१८ मध्ये मुंबई सरकारने भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा केला, तोही युद्धापुरता म्हणून. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. मग आला १९४७ चा बॉम्बे रेंट अ‍ॅक्ट. फाळणीनंतर निर्वासितही शहरात येत होते. हा कायदासुद्धा तात्पुरताच होता, पण मुदतवाढ मिळत मिळत तो पन्नास वर्षं टिकला! आम्ही इंजिनिअर लोक 'टेम्पररी फिक्स' म्हणून टाकलेला कोड वर्षानुवर्षं तसाच चालवतो ना, तसं.

या कायद्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. एक, भाडं गोठवलं. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं, तेच जुन्या घरांचं 'प्रमाणभूत भाडं' ठरलं. दोन, नुसती मुदत संपली म्हणून घर परत मिळेना. त्याआधी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा हिशेब सरळ होता: करार संपला, जागा सोडा. आता मालकाला कोर्टात कारण सिद्ध करावं लागे. भाडं थकलंय, परस्पर पोटभाडेकरू ठेवलाय किंवा जागेची स्वतःला खरीच गरज आहे, अशी ठरावीक कारणं. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे हक्क जाई.

आज हे ऐकून मालकाची कीव येईल. पण लालबाग-परळच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या गिरणी कामगाराचा विचार करा. मालकाच्या मनात आलं की बिऱ्हाड रस्त्यावर, ही भीती या कायद्याने घालवली. ही छोटी गोष्ट नव्हती.

अडचण झाली ती पुढे. महागाई वाढत गेली, भाडं जिथल्या तिथे. मग मालक दुरुस्ती कशाला करेल? इमारती पडायला लागल्या. शेवटी १९६९ मध्ये सरकारनेच कायदा करून जुन्या इमारतींवर उपकर लावला आणि दुरुस्ती मंडळ आणलं. दक्षिण मुंबईत 'उपकरप्राप्त इमारत' हा शब्द ऐकता ना, तो तिथून आला. दुसरीकडे पागडी फोफावली. भाड्यातून काही मिळत नाही, मग आधीच एकरकमी घ्या. कायद्याने गुन्हा, पण शहरभर चालू.

तिसरा परिणाम सगळ्यात महत्त्वाचा. एकदा माणूस आत घेतला की तो बाहेर जाणार नाही, हे मालकांना कळून चुकलं. मग नवीन माणसाला घर द्यायचंच कशाला? आत बसलेल्याला संरक्षण मिळालं आणि बाहेर घर शोधणाऱ्यासाठी दार बंद झालं.

मग वकिलांनी पळवाट शोधली. त्याच १८८२ सालात दुसरा एक कायदा झाला होता, सुविधाधिकाराचा. त्यात 'लायसन्स' म्हणजे नुसती परवानगी. भाडेपट्ट्याने जागेत हक्क तयार होतो, लायसन्सने होत नाही. पाहुण्यासारखं राहा आणि सांगितलं की निघा. झालं, भाडेकरार लायसन्सच्या नावाने लिहिले जाऊ लागले. पण कोर्टं काही भोळी नव्हती. दिल्लीच्या इम्पिरियल हॉटेलमधल्या एका केशकर्तनालयाच्या खटल्यात, १९५९ साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कागदावर काय नाव लिहिलंय ते बघू नका, खरा व्यवहार काय आहे ते बघा. त्या खटल्यातलं 'लायसन्स' प्रत्यक्षात भाडेपट्टाच निघालं.

मग १९७३ चा धक्का! महाराष्ट्र सरकारने ठरवलं की १ फेब्रुवारी १९७३ ला ज्यांचं लायसन्स चालू आहे आणि जे जागेत राहतायत, ते सगळे भाडेकरू. म्हणजे परवानगीवर आलेला माणूस एका तारखेने कायमचा झाला. मालकांचा उरलासुरला विश्वास उडाला. तो परत आणायला १९८७ मध्ये दुरुस्ती झाली आणि लायसन्स संपल्यावर राहतं घर झटपट परत मिळण्याची वेगळी वाट तयार झाली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की १९४० चं भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. शेवटी महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण राहिलं, भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करता येऊ लागली, पागडी कायदेशीर झाली. आणि आपल्यासारख्यांसाठी राहिलं लिव्ह अँड लायसन्स.

आता कामाचं ऐका. मुदत संपूनही तुम्ही राहिलात तर मालक 'सक्षम प्राधिकाऱ्या'कडे अर्ज करतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत तुम्ही प्रतिज्ञापत्र देऊन बाजू लढवायची परवानगी मागायची. नाही मागितली, तर मालकाचं म्हणणं मान्य आहे असं धरून आदेश निघतो. जादा राहिलेल्या काळासाठी दुप्पट फी. त्या आदेशावर अपील नाही, फक्त ९० दिवसांत फेरतपासणीचा अर्ज.

पण मालकालाही मर्यादा आहेत. कुलूप बदलणं, सामान जिन्यात टाकणं, दांडगाई करणं, हे चालत नाही. राहण्याचा हक्क संपलेल्या पण जागेत स्थिर ताबा असलेल्या माणसालाही कायद्याच्या मार्गानेच बाहेर काढावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केलंय. आणि करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. तो करून घेणं मालकाची जबाबदारी. नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत तुमचं म्हणणं ग्राह्य धरतात. "अकरा महिन्यांचा आहे, रजिस्टर कशाला?" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नाही, ही १९०८ च्या केंद्रीय नोंदणी कायद्यातली सूट. आपल्या राज्याच्या भाडे कायद्यात ती नाही.

तर मंडळी, आपल्याला आज घर मिळतं ते आपण सहज निघू अशी मालकाला खात्री आहे म्हणून. चाळीतल्या आजोबांना घर टिकवायचा हक्क होता, आपल्याला घर मिळण्याची सोय आहे. दोन्ही एकत्र देणारा कायदा आपल्याला अजून जमलेला नाही. तोवर पुढच्या वेळी अंगठा ठेवण्याआधी शेवटची तारीख, नोटिसचा काळ आणि डिपॉझिट परत कधी मिळणार, या तीन ओळी तरी वाचा.

तुमच्या घरी पागडीची किंवा चाळीची गोष्ट असेल तर व्हॉइस नोट नक्की पाठवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!