१६५ वर्षें बंद पडलेलें घड्याळ

जुनीं घड्याळें दुरुस्त करण्याचा नाद ज्यास लागला आहे, त्यास एक गोष्ट लौकरच कळून येते. घड्याळ उघडण्यास जेवढी अक्कल लागते, तिच्या दसपट तें पुन्हां मिटण्यास लागते. आम्हांस हा धडा वडिलांच्या एका मनगटी घड्याळानें दिला. किल्ली दिली कीं तें दोन मिनिटें चाले, आणि मग रुसलेल्या मुलाप्रमाणें स्वस्थ बसे. एका रविवारीं चहा होतांच पांढरी चादर अंथरून आम्ही तें उघडून बसलों. पहिल्याच तासांत तिळाएवढा एक स्क्रू उडाला, व तो शोधण्यासाठीं सारें घर गुडघ्यांवर आलें. दुसऱ्या रविवारीं तेल जास्त पडलें. तिसऱ्या रविवारीं केंसासारखी बारीक कमान चिमट्यांत अडकून वांकडी झाली. चवथ्या रविवारीं घड्याळ चालूं लागलें खरें. पण तबकडी आकाशाकडे करून ठेवलें तर चाले, मनगटावर बांधलें कीं थांबे. अखेर आम्ही पेठेंतील एका वृद्ध घड्याळजींकडे गेलों. त्यांनीं डोळ्यास भिंग लावून आंत पाहिलें आणि शांतपणें विचारलें, “हें आधीं कोणीं उघडलें होतें?” आम्हीं उत्तर दिलें नाहीं.

अशा वेळीं आमच्यासारख्या हौशी माणसानें रूपर्ट गूल्ड या इंग्रज गृहस्थाची हकीकत आठवावी. त्यास हाच नाद १९२० सालीं जडला व तेरा वर्षें पुरला. त्याच्या हातीं आलेलीं घड्याळें मात्र वडिलांच्या पेटींतलीं नव्हतीं. ज्यांच्यामुळें समुद्रावरील प्रवासाचा इतिहास बदलला, अशीं तीं होतीं. त्यांचें महत्त्व कळण्यासाठीं प्रथम थोडें मागें गेलें पाहिजे.

भर समुद्रांत आपण किती उत्तरेस वा दक्षिणेस आहों, हें सूर्याच्या व ताऱ्यांच्या उंचीवरून खलाशांस पूर्वींपासून काढतां येई. किती पूर्वेस वा पश्चिमेस आहों, हें मात्र खात्रीनें कळत नसे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका तासांत १५ अंश आणि चार मिनिटांत एक अंश. निघालेल्या बंदराची वेळ अचूक राखणारें घड्याळ जहाजावर असेल, तर ती वेळ व जहाजावरील माध्यान्ह यांच्या अंतरावरून रेखांश निघतो. हें तत्त्व शाळकरी मुलासही समजेल. पण हेलकावणाऱ्या जहाजावर, थंडींत व उन्हांत, खाऱ्या हवेंत अचूक चालणारें घड्याळ आणावयाचें कोठून? विषुववृत्तावर घड्याळाची चार सेकंदांची चूक म्हणजे एका सागरी मैलाची चूक. १७०७ सालीं सिली बेटांच्या खडकांवर चार इंग्रजी लढाऊ जहाजें आपटून शेंकडों माणसें बुडालीं. पुढें १७१४ सालीं पार्लमेंटानें कायदा करून, अर्ध्या अंशाच्या आंत रेखांश सांगणारी रीत शोधून काढणारास २०,००० पौंडांचें बक्षीस जाहीर केलें.

या बक्षिसामागें जॉन हॅरिसन नांवाचा एक सुतार लागला. १६९३ सालीं जन्मलेल्या या माणसानें घड्याळजीचें रीतसर शिक्षण घेतलेलें नव्हतें. त्यानें एकामागून एक चार यंत्रें बनविलीं. पहिलें १७३५ सालचें, वजनानें सुमारें ७५ पौंड. त्याचीं मोठीं चाकें लांकडाचीं. दुसरें त्याहून भक्कम, पण समुद्रावर कधींच न गेलेलें. तिसऱ्यास त्यानें आयुष्याचीं सुमारें १९ वर्षें वाहिलीं, त्यांत ७५३ भाग घातले, आणि तरीही त्याचें समाधान झालें नाहीं. चवथें १७५९ सालीं पुरें झालें, तेव्हां सगळाच विचार बदललेला होता. तें एक मोठें खिशांतलें घड्याळच होतें, व्यास सुमारें सव्वापांच इंच. १७६१-६२ च्या जमेकाच्या सफरींत तें ८१ दिवसांत अवघें पांच सेकंद मागें पडलें. असें असूनही बक्षिसाची बाकी रक्कम हातीं पडण्यास १७७३ साल उजाडलें, व १७७६ मध्यें हॅरिसन वारला. मात्र असलीं घड्याळें पुढें सर्व समुद्रांवर पसरलीं. मुंबई बंदरांत येणाऱ्या जहाजांसही त्यांचा आधार झाला, आणि १८२६ सालीं उभारलेल्या कुलाब्याच्या वेधशाळेकडे वेळ राखण्याचें कामही असे, तें याच व्यवहाराचें अंग होतें.

आतां मूळ यंत्रांचें काय झालें तें पाहूं. १७६६ सालीं तीं सरकारी हुकुमानें हॅरिसनच्या लंडनच्या घरांतून ग्रिनिचच्या वेधशाळेंत नेण्यांत आलीं. पहिलें यंत्र उचलतांना माणसांच्या हातून खालीं पडलें. दुसरें व तिसरें धक्के खात गाडींतून गेलीं. ज्यांनीं जगास वेळ राखण्यास शिकविलें, तीं यंत्रें पुढें कोठीच्या अंधारांत जाऊन पडलीं.

गूल्डनें तीं १९२० सालीं पाहिलीं, तेव्हां तीं गंजानें व हिरव्या कळंकानें माखलेलीं होतीं. तो स्वतः घड्याळजी नव्हता. तो आरमारांतील अधिकारी. १९१४ सालीं महायुद्ध सुरू होतांच त्याचें मन ढासळलें, व बरा होत असतां त्यास नकाशांच्या खात्यांत बसविण्यांत आलें. तेथें त्यानें नौकाघड्याळांचा इतिहास लिहावयास घेतला. तो ग्रंथ १९२३ सालीं प्रसिद्ध झाला. यंत्रें साफ करण्याची परवानगी त्यानें राजज्योतिषी फ्रँक डायसन यांजकडून मिळविली, व तीही एक पै न घेतां. पहिल्या यंत्रापासून त्यानें आरंभ केला, कारण त्याची अवस्था याहून बिघडण्यासारखी उरलीच नव्हती. त्यावरून दोन औंस मळ व कळंक निघाला. मोहोर खरवडतांना आनंद होतो, तसाच तोही झाला असेल. पण मळ निघाला तशीं खोड उघडी पडली.

पहिल्या यंत्राच्या मुख्य कमानी नाहींशा झाल्या होत्या. सांखळी नव्हती, तोल सांभाळणाऱ्या कमानी नव्हत्या, किल्ली देण्याची योजना नव्हती. घर्षण कमी करणाऱ्या २४ चाकांपैकीं पांच हरवलीं होतीं. सेकंदाचा कांटा नव्हता व तासाच्या कांट्यास चीर गेली होती. बारीक स्क्रू व खिळे तर दहांत एक शिल्लक. सुदैवानें हॅरिसनचें काम जोडीजोडीचें होतें. डाव्या बाजूस जें नष्ट झालें, त्याचा नमुना पुष्कळदां उजव्या बाजूस सांपडे. चवथ्या घड्याळाची गोष्ट निराळी. तें शाबूत, पण त्याचे कांटे काढण्याची युक्ति कळण्यास गूल्डचे तीन दिवस गेले. ते कायमचेच चिकटविले असावेत असें त्यास वाटूं लागलें. तिसऱ्या यंत्रानें तर सुमारें सात वर्षें घेतलीं. या सर्वांतून त्यानें १८ वह्या भरल्या. त्यांत आकृत्या, मापें व काय केलें याचें वर्णन आहे.

या वह्या आम्हांस त्या दुरुस्तीइतक्याच मोलाच्या वाटतात. हौशी दुरुस्तकाराचें दुःख हें असतें कीं त्यास यंत्राशीं नव्हे, यंत्राच्या गेलेल्या कर्त्याशीं बोलावयाचें असतें, आणि तो कर्ता उत्तर देत नाहीं. हा भाग येथें कां बसविला? हें छिद्र कर्त्याचें, कीं मधल्या कोणा उतावळ्या हाताचें? आपण चिमटा उचलतों तेव्हां आपणही त्या मधल्या हातांपैकींच एक होतों. गूल्डनें निदान आपल्या हाताची खूण लिहून ठेवली. म्हणून पुढील माणसास त्याचें काम व हॅरिसनचें काम वेगळें ओळखतां येतें.

परंतु ही हकीकत केवळ चिकाटीची नाहीं. १९२७ सालीं गूल्ड व त्याची पत्नी कायद्यानें विभक्त झालीं. दोन मुलें आईकडे गेलीं. प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलें आणि नोकरीही गेली. जो माणूस हरवलेल्या चाकाचा आकार उरलेल्या चाकावरून काढूं शकत होता, त्यास आपलें घर जुळवितां आलें नाहीं. दोष कोणाचा, हें ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पण ज्या घरांत रात्रीचे तास पितळी चाकांच्या वांट्यास जातात, तेथें माणसांच्या वांट्यास किती उरतात, हा प्रश्न आमच्या लहानशा नादापायीं आम्हांसही विचारण्यांत आला आहे. व तो घड्याळजींच्या प्रश्नाइतकाच बिनउत्तराचा राहिला.

१ फेब्रुवारी १९३३ रोजीं, बाहेर वादळ व पाऊस चालू असतां, आपल्या माळ्यावरील खोलींत गूल्डनें पहिल्या यंत्राच्या कमानींची अखेरची जुळणी केली. दुपारचे चार वाजले होते. पांच मिनिटांनीं तें यंत्र चालूं लागलें. १७ जून १७६७ नंतर, म्हणजे १६५ वर्षांनीं, तें प्रथमच चालत होतें. १९४८ सालीं गूल्ड वारला.

आज ग्रिनिचच्या वेधशाळेंत पहिलीं तीन यंत्रें चालूं असलेलीं दिसतात, कारण हॅरिसननें त्यांस तेलाची गरजच ठेवली नव्हती. चवथें, जें सर्वांत यशस्वी, तें मात्र जाणूनबुजून बंद ठेवलेलें आहे. त्यास तेल लागतें, व चालूं ठेवल्यास तें झिजेल. बंद पडलेलें चालूं करणें हें कौशल्याचें काम. पण चालूं शकणारें बंद ठेवणें, हा त्याहून कठीण संयम आहे, आणि कोणताही नाद तो आपण होऊन शिकवीत नाहीं.

वडिलांचें घड्याळ आतां चालतें. तें घड्याळजींनीं दुरुस्त केलें. आम्ही रोज सकाळीं त्यास किल्ली देतों, कानाशीं धरतों, आणि मागचें झांकण उघडण्याचा मोह झाला कीं, तें घड्याळजींचा प्रश्न पुन्हां विचारीत आहे असें वाटून, हातांत बांधून कामास लागतों.