ट्राम येण्याआधी अलिबागला गेलेली वेधशाळा

खांदेश्वर स्टेशनाच्या परिसरात, कळंबोली महामार्गालगत, नवीन पनवेलच्या सेक्टर १८ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आहे. आजूबाजूला सिडकोच्या इमारती, खांदा कॉलनीची वर्दळ आणि पलीकडे लोकलची ये-जा. नवी मुंबईत पन्नास वर्षांपूर्वीचे काही सापडले तरी ते जुने मानले जाते. या संस्थेकडे मात्र १८४१ पासूनच्या नोंदींचा वारसा आहे. बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली ती १८५३ साली आणि मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. या दोन्हींच्या आधीपासून मुंबईत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी सुरू होती, आणि ती थांबू नये म्हणून चार पिढ्यांनी काळजी घेतली.

सुरुवात झाली मुंबईच्या कुलाब्यात. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली तिथे वेधशाळा बांधली ती बंदरात येणाऱ्या जहाजांसाठी. खलाशांना अचूक वेळ हवी होती आणि आकाशातल्या ताऱ्यांचे वेध हवे होते. चुंबकत्वाचे काम मागाहून आले. जर्मनीतल्या ग्योटिंगेन येथे कार्ल फ्रीडरिश गाउस आणि विल्हेल्म वेबर यांनी १८३०च्या दशकात एक कल्पना मांडली होती. पृथ्वीवर अनेक ठिकाणी एकाच क्षणी चुंबकसूचीचे वेध घ्यायचे आणि मग ते शेजारी शेजारी ठेवून पाहायचे. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने ती कल्पना उचलून धरली, कंपनी सरकारनेही साथ दिली आणि सिमला, मद्रास, सिंगापूर यांच्याबरोबर मुंबईचेही नाव यादीत आले. त्या काळात ठरलेल्या दिवशी कुलाब्यातला निरीक्षक ग्योटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे वाचन घेत असे.

हे काम सुरू करणारे आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक होते. विद्यापीठ अजून जन्माला यायचे होते, पण शिकवणाऱ्याने संशोधनही करायचे हा रिवाज तिथे पडला होता. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर याच कॉलेजात शिकवत आणि काही काळ कुलाबा वेधशाळेची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मराठी वाचकाला बाळशास्त्री ठाऊक असतात ते वृत्तपत्रामुळे. भूचुंबकत्वाच्या वेधशाळेचा कारभार पाहणारे बाळशास्त्री आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसे दिसत नाहीत, आणि हे खटकण्याजोगे आहे.

त्यांच्याच हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी तिथे साहाय्यक म्हणून लागला. केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे यांचा जन्म अलिबागजवळच्या नागावचा. ‘बाळमित्र’ लिहिणारे सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे हे त्यांचे चुलते. त्यांनीच या मुलाला मुंबईत शिकवले. वेधशाळेत रुजू झाले तेव्हा केरूनाना सोळा-सतरा वर्षांचे होते. दहा-एक वर्षे त्यांनी तिथे घालवली. १८५१ साली ते पुण्यात शिकवायला गेले, १८६० साली ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि पुढे लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. पंचांगाची गणिते प्रत्यक्ष आकाशाशी ताडून पाहिली पाहिजेत असा आग्रह त्यांनी जन्मभर धरला. तो आग्रह कुलाब्यातल्या त्या दहा वर्षांत पक्का झाला असावा, असे म्हणायला जागा आहे.

काम कसले होते? एक जड पोलादी चुंबक धाग्याने किंवा तारेने टांगलेला. त्याला चिकटवलेला छोटा आरसा. काही अंतरावर दुर्बीण आणि तिच्यापाशी मापपट्टी. चुंबक केसभर जरी वळला तरी आरशात दिसणारी पट्टी सरकते. निरीक्षकाने दुर्बिणीला डोळा लावायचा, पट्टीवरचा आकडा वाचायचा, खोलीचे तापमान पाहायचे, घड्याळ पाहायचे आणि तिन्ही गोष्टी वहीत लिहायच्या. तापमान अशासाठी की, उष्णता वाढली की चुंबकाचा जोर घटतो आणि तेवढी दुरुस्ती मागाहून करावी लागते. हे दर तासाला, दिवसा आणि रात्री, पावसाळ्यात आणि मे महिन्यातही. चुंबक अस्वस्थ वाटला तर तासाऐवजी दर पंधरा मिनिटांनी, प्रसंगी दर पाच मिनिटांनी.

२ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी हा शेवटचा नियम कामी आला.

आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग रेखाटत असताना त्यांना डागांपाशी अचानक पांढरा लखलखाट दिसला. साडेसतरा तासांच्या आसपास गेले आणि पृथ्वीवर चुंबकीय वादळ कोसळले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली, उष्णकटिबंधाजवळच्या मुलुखातही ध्रुवीय प्रकाश दिसला. मुंबईत तेव्हा सकाळ सरत आली होती. कुलाब्याच्या निरीक्षकाने पाहिले की आडव्या दिशेचे चुंबकीय बल झपाट्याने घसरते आहे. त्याने वाचनांमधले अंतर कमी केले आणि आकडे लिहीत राहिला. घसरण सुमारे १६०० नॅनोटेस्ला इतकी भरली, म्हणजे त्या बलाच्या चार टक्क्यांच्या घरात. त्या वर्षीची निरीक्षणे वेधशाळेचे प्रमुख फर्ग्युसन यांनी १८६० साली छापली आणि पुस्तक कपाटात गेले.

लंडनमधल्या ग्रिनिच आणि क्यू इथे तोवर छायाचित्रण पद्धतीची आधुनिक यंत्रे आली होती. त्या वादळात त्यांची प्रकाशरेषा कागदाबाहेर गेली आणि कळसाचा भाग नोंदलाच गेला नाही. मुंबईत माणूस डोळ्याने वाचत होता, म्हणून आकडा हाती लागला. मुंबईचे अक्षांशही सोयीचे. वादळाच्या वेळी पृथ्वीभोवती, भूपृष्ठापासून हजारो किलोमीटर उंचीवर, विद्युतभारित कणांचे कडे तयार होते. त्यातला प्रवाह पृथ्वीच्या आडव्या क्षेत्राला छेद देतो आणि त्याचा परिणाम विषुववृत्ताच्या आसपासच्या प्रदेशात स्वच्छ वाचता येतो. ध्रुवाजवळ इतर प्रवाहांची एवढी गर्दी होते की नेमके काय मोजले हे सांगणे अवघड जाते.

पुढचे मोठे नाव नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांचे. १८९६ साली ते वेधशाळेचे प्रमुख झाले. त्यांच्यासमोर आलेला प्रश्न शहराचा होता. मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम होती आणि तिचा पहिला मार्ग कुलाब्याहूनच निघे. घोड्याचा चुंबकाला काही त्रास नव्हता. विजेच्या ट्रामची चर्चा सुरू झाली तेव्हा मात्र मूस यांना पुढचे दिसले. ट्रामला पुरवलेला एकदिश प्रवाह रुळांवाटे परत जातो, वाटेत जमिनीत झिरपतो आणि आपले स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. कुलाब्याचा चुंबक मग सूर्याऐवजी ट्रामचे वेळापत्रक नोंदवू लागला असता.

जागा बदलणे भाग होते. मूस यांनी निवडली अलिबागची, मुंबईपासून समुद्रापलीकडे सुमारे तीस किलोमीटरवर, केरूनानांच्या नागावापासून अगदी जवळ. पण नुसती यंत्रे हलवून भागत नाही. जागा बदलली की आकडा बदलतो, आणि जुन्या-नव्या आकड्यांत फरक किती हे कळले नाही तर साठ वर्षांच्या नोंदी तिथेच तुटतात. म्हणून अलिबागची वेधशाळा १९०४ साली सुरू झाली आणि पुढची दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेतले गेले. १९०६ साली कुलाब्याची चुंबकीय मोजणी थांबली. मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली ७ मे १९०७ रोजी. मूस यांच्या कर्तृत्वात ही दोन वर्षे सर्वात मोलाची मानायला हवीत. त्यांनी १८४६ ते १९०५ या काळातल्या मुंबईच्या नोंदींचा सविस्तर अभ्यास १९१० साली दोन भागांत प्रसिद्ध केला. पुष्कळ वादळांची सरासरी काढून वादळ कसे सुरू होते, कसे खाली जाते आणि कसे हळूहळू निवते याचा साचा त्यांनी त्यात मांडला.

अलिबागची इमारत बांधतानाही विचार होता. कोकणात दगड मुबलक, पण काळ्या पाषाणात आणि जांभ्यात लोहाचा अंश असतो. चुंबकाच्या घरात तो चालत नाही. दगड आणला पोरबंदरचा. बिजागऱ्या, कड्या, खिळे तांब्या-पितळेचे. खोल्या अशा बांधल्या की बाहेरच्या ऊन-थंडीचा आत फारसा परिणाम होऊ नये. आजही अशा खोलीत जाणारा माणूस किल्ल्या, चाकू, मोबाइल, पट्ट्याचे बक्कल बाहेर ठेवून जातो.

स्वातंत्र्यानंतर ही सगळी व्यवस्था हवामान खात्याकडे होती. १९७१ साली भूचुंबकत्वासाठी स्वायत्त संस्था झाली आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला तिचे मुख्यालय कुलाब्याहून नवीन पनवेलला आले. मोजणी पनवेलमध्ये होत नाही. रेल्वे, महामार्ग आणि विजेच्या तारांच्या या जाळ्यात ती होणेही शक्य नाही. अलिबागसह देशभरच्या वेधशाळांचे आकडे इथे येतात, तपासले जातात, जपले जातात. मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी.साठी इथे विद्यार्थी काम करतात. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या साहाय्याने संस्थेने रडार चालवले आहे. या भागातून रोज जाणाऱ्या हजारो माणसांना आपल्या शेजारी काय साठवले आहे याची कल्पना असायला हवी. ते मोठ्या अभिमानाने सांगण्याजोगे आहे.

कपाटात गेलेले १८५९चे पुस्तक पुन्हा उघडले ते याच संस्थेतल्या संशोधकांनी. २००३ साली गुरबक्ष सिंग लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी आणि ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ यांच्याबरोबर निबंध प्रसिद्ध केला. त्यात कुलाब्याच्या नोंदीवरून वादळाची तीव्रता उणे १७६० नॅनोटेस्लाच्या आसपास काढली होती. तुलनेसाठी, मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या साठ लाख लोकांची वीज नऊ तास घालवणारे वादळ उणे ५८९ नॅनोटेस्लाचे होते. उपग्रह, वीजवाहिन्या आणि विमा यांचा हिशेब करणाऱ्या लोकांना ‘सगळ्यात वाईट काय होऊ शकते’ हे सांगायला आता एक आकडा मिळाला, आणि तो मुंबईचा होता.

त्या आकड्यावर वाद आहे. एवढ्या झपाट्याने घसरलेल्या आणि तितक्याच वेगाने सावरलेल्या रेषेमागे नुसता कड्यातला प्रवाहच होता, की ध्रुवीय प्रवाहही त्या सकाळी मुंबईच्या अक्षांशापर्यंत खाली सरकले होते? तासाची सरासरी घेतली तर तीव्रता बरीच कमी भरते. हा वाद सोडवायला लागणारी मूळ वाचनेही कुलाब्याचीच आहेत, म्हणून संशोधक पुन्हा पुन्हा त्या छापील कोष्टकांकडे वळतात. २०२३ साली ४ फेब्रुवारी १८७२च्या वादळाचा नव्याने अभ्यास झाला, ज्या रात्री मुंबईतूनही ध्रुवीय प्रकाश दिसल्याची बातमी आहे. त्या वादळाची तीव्रता किमान उणे ८३४ नॅनोटेस्ला असल्याचा अंदाज बांधताना मुख्य आधार घेतला गेला तो चार्ल्स चेंबर्स यांच्या कारकिर्दीत कुलाब्यात झालेल्या नोंदींचा.