खंजिरीवर जीव टाकणारी माणसे

दारव्हा तालुक्यातल्या एखाद्या गावी रात्री भजन बसले की बुवाच्या हातात बहुधा खंजिरी दिसते. लाकडाचे छोटेसे कडे, एका बाजूने ताणलेले कातडे आणि कड्याच्या खाचांत बसवलेल्या धातूच्या चकत्या, एवढाच तिचा संसार. बोटे कातड्यावर पडतात, मनगट हलते, चकत्या झणझणतात. ताल आणि झंकार एकाच माणसाच्या हातून निघतात. पेटी, तबला, टाळ सोबतीला असले तर उत्तमच, पण नसले म्हणून भजन अडत नाही. वाजवणारा आणि गाणारा एकच असल्यामुळे त्याला मध्येच थांबता येते, समोरच्यांशी चार शब्द बोलता येतात आणि पुन्हा ठेका धरता येतो. विदर्भाच्या खेड्यापाड्यांत ही खंजिरी पोहोचवली एका गायकाने, आणि त्याच्यावर जीव टाकणाऱ्या माणसांनी.

तो गायक म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी एका गरीब घरात माणिक बंडोजी इंगळे या नावाने ते जन्मले. शाळा प्राथमिक इयत्तांतच सुटली. वरखेडच्या आडकोजी महाराजांकडून गुरूपदेश मिळाला. मग सालबर्डी, रामटेक, गोंदोडा अशी रानावनातली भटकंती झाली. या सगळ्या काळात भजने रचणे चालूच होते, मराठीत आणि हिंदीतही. त्यांची संख्या काही हजारांत जाते.

आवाज गोड असलेले भजनी बुवा वऱ्हाडात तेव्हाही कमी नव्हते. तुकडोजी महाराजांनी वेगळे काय केले, ते कळायला हा मुलूख डोळ्यांपुढे आणावा लागतो. दारव्हा हा कापूसपट्टा. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे दारव्हा मोतीबाग स्थानकावरून जायची. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने ही लाईन टाकली ती मुख्यतः वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदराकडे न्यायला. कापूस गेला तरी पेरणाऱ्याच्या घरी सावकाराचे कर्ज, दारू आणि लग्नातली उधळपट्टी ठाण मांडून असे. महाराजांनी हेच विषय भजनात घेतले. गावचा उकिरडा, शिवाशिव, पोरीबाळींचे शिक्षण, आपसातली भांडणे, सगळे देवाच्या नावासोबत एकाच बैठकीत येऊ लागले. भाषा अशी की निरक्षर माणसालाही एकदा ऐकून ध्रुपद पाठ व्हावे. पाठांतरावर चालणाऱ्या समाजात सोपे लिहिणे किती कठीण असते, हे त्यांच्या रचना म्हणून पाहिल्यावर कळते. त्यांच्या प्रतिभेची खरी कमाल इथेच आहे.

ऐकणारे मात्र आवाजावरच भुलले नव्हते. हा माणूस जे गातो ते वागतो का, याकडे त्यांचे बारीक लक्ष असे. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून महाराज सेवाग्रामला जाऊन राहिले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ चळवळीत चिमूर आणि आष्टी ही गावे पेटली. चिमूरच्या तरुणांच्या कानांत महाराजांची भजने होती, हे सरकारलाही ठाऊक होते. २८ ऑगस्टला त्यांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत राहून ते डिसेंबरात सुटले. गाण्यासाठी गायक तुरुंगात गेला, ही गोष्ट वऱ्हाडातल्या माणसाला पुढे कितीतरी वर्षे पुरली.

त्या प्रेमाला महाराजांनी कामाला लावले. गुरुदेव सेवा मंडळाच्या गावोगावी शाखा निघाल्या. पहाटे सामुदायिक ध्यान, दिवस मावळताना सामुदायिक प्रार्थना. सगळे सरळ रांगांत बसलेले, डोक्यावर भगव्या टोप्या. भेटल्यावर ‘जयगुरू’, निघताना ‘जयगुरू’. प्रार्थना झाली की कुठे झाडू हातात घेतले जात, कुठे रस्ता नीट केला जाई. १९५५ मध्ये आलेल्या ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, महिलोन्नती असे विषय आहेत. त्याच वर्षी महाराज जपानला विश्वधर्म परिषदेसाठी गेले आणि तिथेही खंजिरी वाजवली. मोझरीचा हा बुवा परक्या देशात आपल्या वाद्यासकट उभा राहिला याचा अभिमान गुरुदेवभक्तांच्या बोलण्यात आजही जाणवतो.

पूर्वेकडच्याच दुसऱ्या एका देशातून आज गाणी उलट दिशेने येतात. २०१३ मध्ये सोलमध्ये पदार्पण केलेल्या बीटीएस या गटाचा म्होरक्या किम नाम-जून, म्हणजे आरएम, याच्यावर जगभरची तरुण मुले प्रेम करतात. त्याची गीते त्यांना आवडतातच, पण त्याचे वागणेही ती तितक्याच बारकाईने पाहतात. २०१८ च्या सप्टेंबरात तो संयुक्त राष्ट्रांत बोलला, स्वतःच्या चुकांसकट स्वतःला स्वीकारण्याबद्दल. परदेशांतल्या कोरियन कलावस्तूंच्या जतनासाठी त्याने २०२१ मध्ये १० कोटी वोन दिले आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच. त्यातून लॉस एंजेलिसच्या संग्रहालयातल्या जोसन काळातल्या नववधूच्या भरतकाम केलेल्या वस्त्राची डागडुजी झाली. २०२२ च्या ‘इंडिगो’ या अल्बममध्ये त्याने तुरुंगवास भोगलेल्या युन ह्यॉन्ग-कुन या चित्रकाराला मानवंदना दिली. तो ज्या संग्रहालयांत जातो तिथे चाहतेही जाऊ लागले. २०२० च्या जूनमध्ये या गटाने अमेरिकेतल्या वर्णभेदविरोधी चळवळीला १० लाख डॉलर दिल्याचे कळताच चाहत्यांनी साधारण दिवसभरात तेवढीच रक्कम उभी केली.

गुरुदेव सेवा मंडळात वाढलेल्या आजोबांना नातीचे हे वेड समजायला फार वेळ लागू नये. गायक जे करतो त्यात आपलाही हात लागला पाहिजे, ही ओढ दोन्हीकडे एकच आहे. फरक आहे तो मालकीचा. कोरियन गाण्यामागे मोठी कंपनी, तालीम आणि बाजार असतो. तुकडोजी महाराजांचे भजन कोणीही, कुठल्याही चालीत, फुकट गाऊ शकतो, आणि म्हणूनच ते महाराजांच्या मागे टिकले.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराज गेले. दरवर्षी पुण्यतिथीला दारव्ह्याकडची मंडळी नेर, अमरावती करत मोझरी गाठतात. आश्रमासमोर लाखोंची गर्दी असते, आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, त्यांच्या देहावसानाच्या क्षणी, ती सगळी मौन धरते. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. हा सन्मान मोठाच, पण त्यांच्या चाहत्यांचे खरे काम गावात दिसते.

विदर्भात जागोजागी खंजिरी भजन स्पर्धा होतात. पुरुष, महिला आणि बाल असे गट असतात. पूर्वी ज्यांनी फक्त झील धरायची, त्या बायका आता स्वतः खंजिरी घेऊन पुढे बसतात. वाद्यातही भर पडली. अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज एकट्याने सात खंजिऱ्या वाजवतात. त्यांच्या सप्तखंजिरीच्या कार्यक्रमाला गावेच्या गावे लोटतात. ते अस्सल वऱ्हाडीत बोलतात. दारू, हुंडा आणि बुवाबाजीवर ते लोकांना खदखदून हसवतात आणि कापसाने बुडालेल्या शेतकऱ्याने गळफास घेऊ नये म्हणून समोर बसलेल्या बापांना हात जोडून विनवतात.