तळटीप १४ : ‘निळ्याला हिरवे म्हणणारे दोघे’

१४. हे पत्र आनेकलहून लिहिलेले आहे. आनेकल हे बेंगळूरु शहर जिल्ह्यातले, तमिळनाडूच्या सीमेलगतचे तालुक्याचे गाव. ‘दोघे’ म्हणजे सर्ज मॉस्कोव्हिसी (१९२५–२०१४) यांच्या १९६९ च्या प्रयोगातले हस्तक. रुमानियात जन्मलेले हे समाजमानसशास्त्रज्ञ पॅरिसला काम करीत. सहा जणींच्या गटात दोघी आधीच पढवलेल्या. उरलेल्या चौघींची रंगदृष्टी तपासून घेतलेली. पडद्यावर ३६ पारदर्शिका, सगळ्या निळ्या, फक्त उजेड कमीजास्त. एका प्रकारात पढवलेल्या दोघी प्रत्येक वेळी ‘हिरवा’ म्हणत. चौघींची ८.४२ टक्के उत्तरे ‘हिरवा’ अशी आली. दुसऱ्या प्रकारात दोघींनी ३६ पैकी २४ वेळाच ‘हिरवा’ म्हटले, तेव्हा हेच प्रमाण १.२५ टक्क्यांवर घसरले. पत्रलेखक हा दुसरा आकडा गाळतो. प्रयोगाची खरी मेख मात्र त्यातच आहे: मूठभरांचा प्रभाव त्यांच्या सातत्यावर अवलंबून असतो.

पत्राच्या पुढच्याच ओळीतील ‘दाभोलकरांचा कायदा’ म्हणजे महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि मूठभर कार्यकर्त्यांनिशी या कायद्याची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. तो चिकाटीमुळे झाला की खुनाने उसळलेल्या संतापामुळे, हे प्रयोगशाळेतल्यासारखे वेगळे काढता येत नाही. म्हणून पत्रलेखकाने या कायद्याची त्या प्रयोगाशी घातलेली सांगड थोडी सैल आहे. कर्नाटकाने २०१७ मध्ये याच धर्तीचा कायदा केला, तो आनेकललाही लागू आहे. — संपा.