ब्लार्नीचा दगड

खोट्या स्तुतीस इंग्रजी भाषेंत शब्दांची वाण नाहीं. तथापि त्यांतील 'ब्लार्नी' हा शब्द मूळचा एका गांवाचा आहे. आयर्लंडच्या दक्षिणेस, कॉर्क शहरापासून सुमारें पांच मैलांवर हें गांव असून तेथील गढी मॅकार्थी घराण्यानें इ. स. १४४६ च्या सुमारास बांधली.

ब्लार्नी म्हणजे निव्वळ खुशामत नव्हे. ऐकणारास तिचा खोटेपणा उमगत असतो, तरीही तो सुखावतो आणि बोलणाराचें काम साधून जातें. मराठींतील 'हरभऱ्याच्या झाडावर चढविणें' हा वाक्प्रचार तिच्या जवळचा खरा. परंतु 'मधाचें बोट लावणें' हा अधिक जवळचा, कारण त्यांत वेळ मारून नेण्याचा भाव आहे, आणि या शब्दाच्या जन्मकथेंतही मुख्य गोष्ट तीच आहे.

ती कथा पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींतील. आयरिश सरदारांनीं आपल्या जमिनी राजसत्तेच्या स्वाधीन कराव्या आणि त्याच पुन्हां राणीकडून सनदेनें घ्याव्या, असें इंग्रजांचें धोरण होतें. वरवर पाहतां जमीन जाग्यावरच राही. परंतु जी जमीन कुळाच्या रिवाजानें चालत आलेली, ती यापुढें राणीच्या कृपेची होई, आणि कुळानें आपला नायक निवडण्याची जुनी चाल मोडून वडील मुलाचा वारसा लागू होई. मान्य करावें तर आपलीं माणसें तुटणार, नाकारावें तर बंडखोर ठरून गढीच जाणार, अशा कात्रींत ब्लार्नीचा कॉर्मॅक मॅकार्थी सांपडला. त्यानें 'नाहीं' म्हटलें नाहीं आणि 'होय' म्हणून कांहीं केलेंही नाहीं. राणीचे गुण गावे, निष्ठेच्या शपथा वाहाव्या आणि प्रत्येक वेळीं नवी सबब पुढें करावी, असा त्याचा क्रम चालला. शेवटीं राणी वैतागून, हें सगळें ब्लार्नी आहे, त्याच्या ओठांत एक आणि पोटांत एक, असें उद्गारली म्हणतात. ही दंतकथाच समजावयाची. शिवाय लग्नाच्या बोलण्यांत युरोपांतील राजपुत्रांना वर्षानुवर्षें झुलवीत ठेवणाऱ्या या राणीस ती विद्या ओळखूं आली, यांत नवल तें काय!

ती विद्या कॉर्मॅकला मात्र पुरी पडली नाहीं. इ. स. १६०१ मध्यें स्पेनचें सैन्य किन्सेल बंदरांत उतरलें, तेव्हां तो इंग्रजांच्या बाजूनें उभा राहिला. तरीही पुढच्याच वर्षीं शत्रूशीं संधान बांधल्याच्या संशयावरून मन्स्टर प्रांताचा अधिकारी सर जॉर्ज केऱ्यू यानें त्यास कैदेंत टाकून ब्लार्नीची गढी ताब्यांत घेतली. कॉर्मॅक कैदेंतून निसटला आणि पुढें त्यास माफीही मिळाली. परंतु त्या शतकाच्या अखेरीच्या युद्धांत त्याच्या वंशजांची जहागीर कायमची गेली. ज्या लबाडीस इंग्रजी भाषा आजतागायत हंसते, ती एका दुर्बळाची ढाल होती, हें शब्दकोशांतून कळत नाहीं.

शब्द मात्र पसरत गेला. गोल्डस्मिथनें १७६६ सालच्या आपल्या 'व्हिकार ऑफ वेकफील्ड' या कादंबरींत खानदानीपणाचा आव आणणाऱ्या एका बाईस 'लेडी ब्लार्नी' असें नांव दिलें. फ्रान्सिस ग्रोजच्या १७८५ सालच्या बोलभाषेच्या कोशांत गढीवरील दगडाचाही उल्लेख सांपडतो. त्या दगडाचें चुंबन घेणारास वाक्पटुत्व लाभतें, असा समज आहे. सर वॉल्टर स्कॉटही १८२५ सालीं तेथें जाऊन आला; त्याच्यासारख्यास याची काय गरज होती, कोण जाणे! दगड तटाच्या माथ्याशीं बाहेरच्या अंगास बसविलेला असल्यामुळें, उताणें पडून, लोखंडी गज धरून, डोकें खालीं लोंबकळवावें लागतें. हल्लीं पडूं नये म्हणून गजांची सोय आहे आणि धरावयास माणूसही असतो.

या दगडाविषयीं नाना कथा आहेत. स्कॉटलंडच्या राज्याभिषेकाच्या शिळेचा तो तुकडा, अशी एक. स्टोनहेंज येथून तो आणला, अशी दुसरी. ग्लासगो विद्यापीठांतील भूगर्भशास्त्रज्ञांनीं २०१४ सालीं एकोणिसाव्या शतकांत जपून ठेवलेला त्याचा एक पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला, तेव्हां तो त्याच भागांतील चुनखडीचा दगड निघाला.