वरणगावचा कापूस आणि ‘टेरिकॉट’
तापीखोऱ्यातील वरणगावची काळी जमीन कापसाची. विसाव्या शतकात ह्या कापसाला कापडात एक रासायनिक भागीदार मिळाला. फ्रेंच रसायनज्ञ वुर्ट्झ ह्याने १८५६ मध्ये ग्लायकोल प्रथम सिद्ध केले. पुढे चांदीच्या उत्प्रेरकावर इथिलीनचा प्राणवायूशी संयोग घडवून इथिलीन ऑक्साइड, व त्यापासून पाण्याच्या योगे ग्लायकोल, अशी कारखानी रीत रूढ झाली. १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफिल्ड व डिक्सन ह्यांनी ग्लायकोल आणि टेरेफ्थॅलिक आम्ल ह्यांपासून पॉलिएस्टरचा धागा काढला. १९६० नंतरच्या दशकात तो ठाण्यासही तयार होऊ लागला. त्याच्या नि कापसाच्या मिश्रणास ‘टेरिकॉट’ हे नाव मिळाले. नावात ‘टेरि’ आधी. ‘कॉट’, म्हणजे कापूस, मागून आणि तोही तुटका. कापडातही बहुधा दोन तृतीयांश वाटा पॉलिएस्टरचाच. शेतकऱ्याच्या पिकाचे घटलेले स्थान शब्दानेच असे नोंदवून ठेवले आहे.