अनवाणी संघाचा दिवस : कोलकाता, २९ जुलै १९११

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत १९११ या सनापुढे दोन नोंदी हमखास असतात : दिल्ली दरबार आणि त्यात झालेली वंगभंग रद्द करण्याची घोषणा. दोन्ही डिसेंबरमधल्या. त्याच वर्षी २९ जुलैला, शनिवारी, कोलकात्यात फुटबॉलचा एक अंतिम सामना झाला. त्याला पाठ्यपुस्तकात क्वचितच जागा मिळते. परंतु सामान्य माणसांनी एखादा दिवस इतिहास म्हणून कसा अनुभवला, हे समजून घ्यायचे तर याहून चांगले उदाहरण मला आढळलेले नाही.

आय.एफ.ए. शील्ड ही स्पर्धा १८९३ साली सुरू झाली. तिच्यावर गोऱ्या पलटणींचे आणि युरोपीय क्लबांचे वर्चस्व होते. १९११ साली अंतिम फेरीत एका बाजूस ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट होती, तर दुसऱ्या बाजूस १८८९ साली १५ ऑगस्टला स्थापन झालेला मोहनबागान क्लब. वंगभंगाला सहा वर्षे होत आली होती. बंगाली माणूस दुर्बल, लढण्यास नालायक, हा राज्यकर्त्यांचा जुना शेरा सुशिक्षितांच्या मनात सलत होता. शिवाय संघातील बरेच खेळाडू मूळचे पूर्व बंगालचे. सरकारने नकाशावर तोडलेले दोन तुकडे या एका संघात एकत्र नांदत होते.

सामन्याच्या दिवशी जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसे लोटली. जादा आगगाड्या आणि आगबोटी सोडाव्या लागल्या. दोन रुपयांचे तिकीट पंधरा रुपयांना विकले गेल्याचे वृत्तांत आहेत. गर्दीचे अंदाज साठ हजारांपासून ऐंशी हजारांपर्यंत जातात. झाडांच्या फांद्यांवर माणसे लगडली होती. ज्यांना मैदान दिसणेच शक्य नव्हते, त्यांच्यासाठी गोलसंख्या लिहिलेले पतंग उडवण्यात आले. त्या दिवशी हजारो लोकांनी सामना पाहिला तो आकाशाकडे डोळे लावून!

दुसऱ्या सत्रात जॅक्सनने गोल करून पलटणीला आघाडी मिळवून दिली. थोड्याच वेळात कर्णधार शिवदास भादुरी यांनी बरोबरी साधली आणि सामना संपत आला असता अभिलाष घोष यांनी निर्णायक गोल केला. दोन विरुद्ध एक. शील्ड जिंकणारा पहिला भारतीय संघ म्हणून मोहनबागानचे नाव कोरले गेले. हा जल्लोष एका जातीधर्मापुरता राहिला नाही. मुस्लिम समाजाच्या वृत्तपत्रांनीही या विजयाचे मनापासून स्वागत केले.

अशा दिवसाभोवती दंतकथा जमतातच. फोर्ट विल्यमवरील ध्वजाकडे बोट दाखवून कुणा वृद्धाने खेळाडूंना विचारले, ‘‘तो कधी उतरणार?’’ उत्तर मिळाले, ‘‘आम्ही पुन्हा शील्ड जिंकू तेव्हा.’’ मोहनबागानने पुन्हा शील्ड जिंकली ती १९४७ साली! कथा इतकी नेटकी आहे, की तिच्याविषयी शंका घेणे हे इतिहासाच्या शिक्षकाचे कर्तव्यच ठरते. अकराही खेळाडू अनवाणी होते, ही समजूतही अशीच. सुधीर चटर्जी यांच्या पायांत बूट होते. गोऱ्या संघाला हरवणारा हा पहिला भारतीय संघही नव्हे. १८९२ साली शोभाबाजार क्लबने ईस्ट सरे रेजिमेंटला नमवले होते.

दंतकथा बाजूला ठेवल्या तरी दिवसाचे मोल उणे होत नाही. उलट त्यामागचे श्रम दिसू लागतात. क्लबचे सचिव शैलेन बसू यांनी खेळाडूंच्या शारीरिक तयारीवर विशेष भर दिला होता. १९०६ ते १९०८ अशी सलग तीन वर्षे या संघाने ट्रेड्स कप जिंकला होता. म्हणजे जुलैमधली ती संध्याकाळ कित्येक वर्षांच्या सरावाचे फळ होती. अनवाणी पाय ही त्यांची अडचण होती. त्यांचे बळ सरावात होते.

मराठी वाचकाने याच उन्हाळ्यातील आणखी एक गोष्ट स्मरावी. अखिल भारतीय क्रिकेट संघ तेव्हा इंग्लंडच्या दौऱ्यावर होता आणि पुण्यामुंबईच्या मैदानांवर घडलेले पालवणकर बाळू यांनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. बाळूंची झुंज दुहेरी होती : समोर इंग्रज फलंदाज आणि घरी अस्पृश्यता. त्यांच्या वाट्याला पतंग आले नाहीत. कोणाचा विजय साजरा होतो आणि कोणाचा विस्मरणात जातो, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे.

महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालते, तेव्हा ‘‘पुढे या मुलांचे कसे होणार?’’ हा प्रश्न प्रत्येक पिढीतील पालकांना छळतो. तो रास्त आहे. मातृभाषेच्या अभिमानाची भाषणे हे त्याचे उत्तर नव्हे. मोहनबागानने नियम, मैदान आणि पंच निवडले नव्हते. जे हाती होते ते, म्हणजे तयारी, त्यांनी पूर्णत्वास नेली. आपल्या शाळेनेही गणिताचा पाया, वाचनाची सवय आणि दुसऱ्या भाषांची उत्तम जाण या तीन बाबतींत तीच कसोटी स्वतःला लावावी. हीरक महोत्सवानंतरच्या वर्षांत माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी आमच्याकडून याचाच हिशेब मागावा, ही विनंती.